पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून लगेच घरी जाऊ नका

हार्ट अटॅकच्या लक्षणांवरच्या एका लेखात छातीतली कळ आणि डाव्या हाताचं दुखणं यांवरच भर दिलाय. पण मधुमेही, वयस्कर माणसं आणि बऱ्याच बायकांमध्ये कळ येतच नाही असंही होतं. नुसती धाप लागते, जबडा किंवा पाठ दुखते, मळमळतं, दरदरून गार घाम फुटतो. ‘गॅस झाला असेल’ म्हणत तास जातो, आणि तेवढ्यात हृदयाचा स्नायू मरत असतो.

अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा कुठे रक्तस्राव नसेल, तर अँब्युलन्सला फोन केल्यावर 300 मिलिग्रॅम चावून खावी. अख्खी गिळली तर परिणाम उशिरा होतो. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी मात्र मनाने देऊ नका, रक्तदाब एकदम कोसळू शकतो. स्वतः गाडी चालवणं तर नकोच.

हॉस्पिटलला पोचल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी निघायला हवा. तो नॉर्मल असूनही दुखणं चालू असेल तर 15 ते 30 मिनिटांनी पुन्हा काढायला सांगा, अगदी आग्रहाने. ट्रोपोनिनही (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) सुरुवातीच्या तासांत वाढलेलं दिसेलच असं नाही, म्हणून तेही पुन्हा तपासतात. ईसीजीत मोठा झटका दिसला आणि 120 मिनिटांत अँजिओप्लास्टी (बंद रक्तवाहिनी फुग्याने उघडणं) होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी देतात. म्हणून निघतानाच हॉस्पिटलला फोनवर विचारा: कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करतात ती खोली) आत्ता चालू आहे का?