गल्ला जाऊ द्या, पोरगा वाचू द्या

दुकानात चोरी झाली की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो "किती गेले?" मग फुटेज ग्रुपवर फिरतं, चार दिवस चर्चा होते, आजूबाजूचे दुकानदार अजून दोन कॅमेरे लावतात न विषय संपतो. काउंटरवर उभ्या असलेल्या पोट्ट्याचं काय, यावर कोणी बोलतच नाही, म्हणून आज लिहितो आहे. थोडं लांब होईल.

मनीषनगरकडच्या एका मेडिकलमधला पोरगा आमच्या ओळखीतला. रात्री शटर अर्धं ओढून हिशोब करत होता, दोघं वाकून आत आले, एकाने चाकू काढला न म्हणे गल्ला उघड. याने ड्रॉवर दोन्ही हातांनी दाबून धरला. तळहात चिरला, टाके पडले, अजून करंगळी पूर्ण मिटत नाही. मी म्हटलं, काऊन रे, देऊन टाकायचे ना पैसे! तर म्हणे, "दादा, मागच्या महिन्यात प्रोटीन पावडरचा डबा कोणीतरी उचलून नेला तर माह्या पगारातून कापला. हे तर अख्ख्या दिवसाचं कलेक्शन होतं."

म्हणजे चाकूपेक्षा त्याला कपातीची भीती जास्त होती. आणि ही कपात सर्रास चालते, सगळ्यांना माहीत आहे. कायदा असं कापू देत नाही हो. 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात होतं, 2019 च्या वेतन संहितेतही आहे, की नुकसान थेट त्या कामगाराच्या हलगर्जीमुळे झालं असेल तरच कापता येतं, तेही आधी त्याचं म्हणणं ऐकून. गर्दीत कोणी डबा खिशात घातला ही त्याची हलगर्जी कशी?

मालकांची बाजू मला कळते, किराण्यात मार्जिन किती असतं ते आम्ही घरातच पाहिलं आहे. पण नुकसान थांबवायचं तर दुकानाकडे बघा ना. काचेवर ऑफरची पोस्टरं इतकी चिकटवलेली की आत काय चाललंय ते रस्त्यावरून दिसतच नाही. कॅमेरा छताला, त्यात फक्त टोपी दिसते, एक तरी चेहऱ्याच्या उंचीला लावा. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग जमा होतं तो डबा, गल्ल्याखाली ठेवतात न चोर जाताना तोच घेऊन जातात! रोकड दिवसातून दोनदा हलवा, आणि दुकान बंद करताना एकट्या पोराला ठेवू नका, हे तर आज रात्रीपासून करता येतं, याला एक रुपया लागत नाही.

आणि भुरटा चोर सापडला की त्याला धरून मारणं, हेही बंद व्हायला पाहिजे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजाराच्या आतली पहिलीच चोरी असेल न माल किंवा त्याची किंमत परत केली तर समाजसेवेची शिक्षा आहे. तेवढ्यासाठी आपण माणसाचं डोकं फोडतो, उद्या तो येताना चाकू घेऊनच येईल.

मालकाने पोरांना सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगावं, हत्यार दिसलं की गल्ला देऊन टाक, मागे धावू नको, ते गेले की 112 लाव, तुझा पगार कापणार नाही. विमा काढताना गल्ल्यातली रोकड त्यात धरली आहे का तेही एजंटला विचारून घ्या.

तुमच्या ओळखीत कुठे अशी कपात होत असेल तर कमेंटमध्ये लिहा, दुकानाचं नाव नको, फक्त एरिया लिहा.