‘इनपेशंट’ आहे ना, हे आधी विचारा
लेखात अमेरिकेतल्या स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटीतल्या (हॉस्पिटलनंतर नर्सिंग आणि थेरपी देणाऱ्या केंद्रातल्या) दिनक्रमाबद्दल छान लिहिलंय, पण मेडिकेअरचा, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा भाग राहून गेला. मूळ मेडिकेअरमध्ये (खासगी कंपनीमार्फत नसलेल्या, थेट सरकारी) या केंद्रातल्या पहिल्या 20 दिवसांचा खर्च पूर्ण मिळतो, 21 ते 100 मध्ये रोजचा ठरावीक हिस्सा आपल्याला भरावा लागतो. तेही आधी हॉस्पिटलात सलग 3 दिवस ‘इनपेशंट’ (रीतसर दाखल पेशंट) अशी नोंद असेल तरच. ‘ऑब्झर्व्हेशन’चे (दाखल न करता नुसतं निरीक्षणाखाली ठेवल्याचे) दिवस धरत नाहीत, मग पेशंट त्याच पलंगावर का असेना! म्हणून नोंद कोणती आहे हे हॉस्पिटलातच रोज विचारत राहा.

‘आता सुधारणा होत नाही’ म्हणून थेरपी बंद करायला निघाले तर गप्प बसू नका, अपील करा. आहे ती स्थिती टिकवायला कुशल सेवा लागत असेल तर तीही मिळते. मेडिकेअरबाबतच्या 2013 च्या जिमो खटल्यातल्या समझोत्याने हे स्पष्ट झालंय.

आणि भेटीच्या वेळा बदलत राहा. माझ्या सासूबाईंची डावी बाजू पक्षाघाताने लुळी पडलेली, आणि कॉल बेल नेमकी डाव्या हाताशी! रात्री उशिरा गेलो तेव्हा दिसलं. नर्सला नुसतं सांगून शिफ्ट बदलली की विसरलं जायचं, केअर प्लॅनमध्ये (पेशंटच्या देखभालीच्या लेखी आराखड्यात) लिहून घेतलं तेव्हा बेल उजवीकडे राहू लागली.