पडीक म्हणायच्या आधी

मागच्या आठवड्यात बीडहून धाकट्या भावाचा फोन आला. गावच्या गायरानावर सोलरच्या प्लेटा बसवायचं चाललंय, त्यावरून ग्रामसभेत दोन तट पडलेत. शेतीला दिवसा सौर वीज द्यायची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० आली २०२३ मध्ये, तेव्हापासून अशा सरकारी जमिनींची शोधाशोध सुरू आहे. "दादा, दिवसा लाईट मिळंल. पडीकच रान हाय ते, कुसळाबिगर काय उगवतंय तिथं?"

त्याचं दुखणं मला ठाऊक आहे. थंडीत रात्री दोनला उठून, बॅटरीच्या उजेडात साप चुकवत, पिकाला पाणी द्यायला दारं धरायला मीही गेलोय. सोलर नको, असं मी परदेशात बसून म्हणणार नाही. माझं भांडण 'पडीक' या शब्दाशी आहे.

मी राहतो इंग्लंडातल्या एसेक्समध्ये. इथं हॅमफर्ड वॉटरच्या खाडीकाठी समुद्र अडवायला मातीचे बांध घातलेत. त्यांवर रानगवत आणि हॉग्ज फेनेल नावाचं, बडीशेपेच्या कुळातलं पिवळ्या फुलांचं उंच झाड. दिसायला अगदी पडीक. फिशर्स एस्टुअरिन मॉथ हा दुर्मीळ पतंग त्याच झाडाच्या आधारानं जगतो. इंग्लंडात तो १९६८ साली पहिल्यांदा सापडला आणि आजही एसेक्स अन् केंटच्या किनाऱ्यापुरताच आहे.

ऑगस्टमध्ये बांधावर वाकून पाहिलं, तर एका झाडाच्या बुडाशी ओल्या भुश्शाची छोटी रास पडलेली. उसातला खोडकिडा पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. अळी खोड पोखरत मुळात उतरली होती. सप्टेंबर-ऑक्टोबरात पतंग बाहेर पडतो. मादी अंडी घालते ती मात्र शेजारच्या जाड्याभरड्या गवतावर, आणि सगळा हिवाळा ती अंडी तिथंच असतात. झाड राखलं अन् गवत कापलं, तरी पुढची पिढी गेलीच.

खरा धोका समुद्राचा. पातळी वाढतेय, आणि बांध ओलांडून खारं पाणी आलं की झाड जगत नाही. लोक बांध फुटायची वाट बघत बसले नाहीत. शेतकऱ्यांनी, जमीनमालकांनी आत उंचावर जागा दिल्या, तिथं हे झाड लावलं. कोलचेस्टरच्या प्राणिसंग्रहालयानं पतंगांची पैदास केली.

आपल्याकडं पतंग म्हटलं की बोंडअळी नाहीतर लष्करी अळी, म्हणजे फवारणीच. कौतुक काय ते रेशमाच्या किड्याचं. गायरानातली पवन्या, मारवेल ही गवतं, त्यातले चंडोल, तित्तिर, तिथून जाणारा लांडगा, यांची ठरावात ओळही नसते.

इथलं जसंच्या तसं तिकडं चालणार नाही, हेही खरं. या बांधावर कुणाची चूल अवलंबून नाही. आपल्या गायरानावर धनगरांची मेंढरं जगतात. कित्येक भूमिहीन दलित कुटुंबं ती जमीन कसतात. आंबेडकरी नेते दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहानं मांडलेला त्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. गवत वाचवायचं म्हणून त्यांना उठवणार असाल, तर मी तुमच्या बाजूनं नाही.

म्हणून भावाला म्हणालो, ठराव एक पावसाळा थांबवा. कोण चारतं, कोण कसतं, कुठं काय उगवतं, हे गटवार लिहून काढा, मग प्लेटांची जागा ठरवा.

"लिहायला कुणाला न्यावं?"

मेंढरं राखणाऱ्या म्हाताऱ्या मामांना ने, म्हणालो. मारवेल कुठल्या उतारावर आहे आणि टिटवी उघड्या मुरमावर कुठं अंडी घालते, ते त्यांना पाठ आहे.