द्वोर्झाकचं 'अमेरिकन' क्वार्टेट सोपं आहे, हलकं नाही

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या मंडळींत बसलं की एक मत हमखास कानावर पडतं. चेक संगीतकार द्वोर्झाकचं 'अमेरिकन' स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो यांच्यासाठीची रचना) गोड आहे, नवख्यांनी सुरुवात करायला ठीक आहे, पण खोली हवी असेल तर बीथोव्हेनकडे वळा. बीथोव्हेन मलाही प्रिय आहे. तरी हे मत मला अजिबात पटत नाही, आणि का ते आज सविस्तर लिहितो.

आंतोनिन द्वोर्झाक १८९२ मध्ये न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरी या संगीत विद्यालयाचा संचालक म्हणून गेला. तिथल्या हॅरी बर्ले या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याकडून त्याने स्पिरिच्युअल्स, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची भक्तिगीतं, ऐकली आणि अमेरिकेच्या संगीताचं भविष्य याच गाण्यांत आहे, असं जाहीरपणे सांगितलं. त्या काळात हे म्हणायला धाडस लागत होतं. पण चार मुलं मायदेशी होती आणि शहराच्या गजबजाटात जीव रमत नव्हता. १८९३ च्या उन्हाळ्यात ती मुलं आली आणि सगळं कुटुंब आयोवातल्या स्पिलव्हिल या चेक वस्तीच्या गावी गेलं. तिथे रस्त्यावर चेक बोलली जायची, चर्चमध्ये ऑर्गन होता, सकाळी पाखरं होती. ८ जूनला त्याने क्वार्टेट लिहायला घेतलं, तीन दिवसांत कच्चा आराखडा पुरा केला आणि शेवटी लिहिलं, "देवाची कृपा. मी समाधानी आहे. काम झरझर झालं." २३ जूनला अख्खी रचना तयार!

आता सुरुवात ऐका. व्हायोलिन्स हलकेच थरथरतात, चेलो खाली एकच स्वर धरून ठेवतो आणि गाणं सुरू करते व्हायोला, व्हायोलिनपेक्षा थोडी मोठी, खालच्या आवाजाची आणि एरवी बहुतेक मागेच राहणारी. (द्वोर्झाक स्वतः तरुणपणी प्रागमध्ये ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवायचा.) ती चाल पाच स्वरांची आहे: सा रे ग प ध. आपल्याकडे हे स्वर म्हणजे भूप. रागाचं चलन इथे नाही, तसा दावाही मी करत नाही. पण भूप पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतात आणि किशोरीताई आमोणकर तोच आयुष्यभर गात राहिल्या, हे ठाऊक असणाऱ्या श्रोत्याने तरी पाच स्वर म्हणजे बाळबोध, असं म्हणू नये.

दुसऱ्या भागाबद्दल तर किती लिहावं! व्हायोलिनची एक लांब, दुखरी चाल, मग तीच चेलोवर. शेवटाकडे पुन्हा चेलोच ती गातो, तेव्हा बाकीची वाद्यं जेमतेम आधार देतात. इथे एकही स्वर कमी केला तर इमारत ढासळेल. तिसऱ्या भागात वरच्या पट्टीत एका पक्ष्याची शीळ येते. तो पक्षी नेमका कोणता, यावर अभ्यासक अजून वाद घालतात, घालू देत.

कुठली चाल कृष्णवर्णीयांची, कुठली मूळनिवासींची, कुठली चेक, याची वाटणी करण्यात लोक फार वेळ घालवतात. बर्लेचं ऋण मोठं आहे, ते मानायलाच हवं. पण परक्या देशात द्वोर्झाकला मिळालं ते एवढंच नव्हतं. या रचनेच्या वेळी डोळ्यांसमोर अठराव्या शतकातला संगीतकार हायडन होता, साधं आणि सुरेल काहीतरी लिहायचं होतं, असं तोच सांगून गेलाय. साधेपणा त्याने जाणूनबुजून निवडला होता. क्वार्टेट पूर्ण झाल्यावर तीनच दिवसांनी त्याने ई-फ्लॅट मेजर या पट्टीतलं क्विंटेट, म्हणजे पाच वाद्यांची रचना, हाती घेतलं, आणि त्यात व्हायोला एक नव्हे, दोन ठेवल्या.

ऐकलं नसेल तर आधी क्वार्टेट ऐका, मग क्विंटेट. आणि 'हलकं' वाटलं तर इथे येऊन भांडा, मी तयार आहे.