आशीर्वाद परत आला

माझा आशीर्वाद परत आलाय. पुराव्यासकट. म्हणजे आजी दारात उभी, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कोमट पाणी, आणि म्हणते, "पाई, बघ. हे काल बर्फ होतं." पाई म्हणजे इथल्या ग्वारानी भाषेत फादर, आणि तो फादर म्हणजे मी. मी म्हटलं आजी, लाईट गेली होती. ती म्हणाली, "तेच सांगते ना. तू फ्रीझरला आशीर्वाद दिलास आणि लाईट गेली."

आता यावर काय बोलणार.

मी वसईचा. गुरुदीक्षा होऊन फार काळ झालेला नाही, तोवर संस्थेने उचलून थेट पाराग्वायमध्ये आणून टाकलं. घरच्यांना अजून वाटतं की मी जंगलात मगरींच्या शेजारी राहतो. आईने येताना बॅगेत ओडोमॉसच्या ट्यूब आणि सुकेळी (वाळवलेली केळी) भरली होती. ओडोमॉस कामाला आलं (डेंग्यू इथे आपल्यापेक्षा कमी नाही), सुकेळी थोरल्या फादरांनी खाल्ली. बाकी मिशनरी म्हणजे रोजचं काय, तर मिस्सा (चर्चमधली उपासना), मयत, मयतानंतर नऊ दिवस रोझरी (माळेची प्रार्थना), कॅटेकिझमची म्हणजे धर्मशिक्षणाची पोरं, चॅपलच्या गळक्या छपरासाठी वर्गणी, आणि आशीर्वाद. आशीर्वादाला काहीही येतं. नवीन मोटरसायकल, गाभण गाय, न चालणारा पाण्याचा पंप, परीक्षेचं पेन. मी कशाला नाही म्हणत नाही. फ्रीझरला पण नाही म्हटलं नाही.

फ्रीझरची गोष्ट अशी की पाराग्वायमध्ये लोक पाण्याऐवजी तेरेरे पितात. येर्बा माते नावाचा पाला शिंगाच्या पेल्यात भरायचा, वरून बर्फाचं पाणी ओतायचं, धातूच्या नळीने ओढायचं. त्या पाण्यात पुदिना, नाहीतर चक्क आपला गवती चहा ठेचून घालतात. आईला सांगितलं तर म्हणाली, मग उकळत का नाहीत? २०२० मध्ये युनेस्कोने या तेरेरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातलं, त्यामुळे नाही म्हणायची सोयच राहिली नाही. पेला एक, नळी एक, माणसं आठ. नळी गोल फिरते. मी अशा घरात वाढलो जिथे बाटलीला ओठ लागला तर माझी आजी बाटली घासायला टाकायची, पाणी कायम वरून, गळ्यात धार धरून. आणि इथे माझ्या आधी ज्याने नळी तोंडात धरली त्याला दात दोन आणि सर्दी भरपूर. पुसायची नाही बरं का, पुसली की अपमान. पहिल्या महिन्यात मी प्रत्येक घोटाला एक छोटी प्रार्थना म्हणायचो. आता सवय झाली, आता मीच सर्दी देतो.

तर बर्फाला इथे सोन्याचा भाव. निदान जानेवारीत, कारण इथे उन्हाळा तेव्हा आणि पारा चाळीशीच्या घरात. दर चार घरांमागे एका दारावर 'बर्फ मिळेल' असा पुठ्ठा लटकलेला. आजीच्या नातवाने ब्वेनोस आयरेसला बांधकामावर राबून पैसे पाठवले, त्यात मोठा आडवा फ्रीझर आला, आणि धंदा सुरू करण्याआधी पाईचा हात लागायला हवा.

आजी ऐन दुपारी आली. बारा ते तीन हा देश झोपतो, दुकानं बंद, कुत्री बंद, आणि मी बनियन-बर्मुड्यावर पंख्याखाली पडलेला. दार उघडलं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून आत पाहिलं आणि विचारलं, "पाई आहेत का?"

मी म्हटलं, मीच.

"नाही, पाई."

"आजी, मीच पाई. रविवारी मिस्सा मीच केली, तुम्ही दुसऱ्या बाकावर होता."

"तो तू होतास?" (मोठा पॉज.) "उंच दिसत होतास."

चौथऱ्यावर सगळेच उंच दिसतात, पण ते जाऊ दे. थोरले फादर राजधानीत, असुन्सिऑनला मीटिंगला गेलेत, उद्या येतील, असं सांगितलं. आजीचा चेहरा पडला, कारण बर्फाच्या पिशव्या ऑलरेडी भरून झाल्या होत्या. मग ती ओट्यावर बसली, थर्मास काढला, पेला भरला आणि माझा इंटरव्ह्यू सुरू केला. लक्षात घ्या, ही बाई गावची रेसादोरा आहे, म्हणजे मयताच्या घरी नऊ दिवस प्रार्थना चालवणारी. तिला सगळ्या लितानी (लांबलचक सामूहिक प्रार्थना) तोंडपाठ, दरवर्षी ८ डिसेंबरच्या सणाला काआकुपेच्या देवमातेकडे चालत जाते, आणि कोणाच्या स्पॅनिशमध्ये काय चुकलं हे मिस्सा चालू असतानाच शेजारणीला सांगते. मोठ्याने.

"तुमच्या देशात हत्ती देवळात असतात ना?"

म्हटलं, काही देवळांत असतात.

"मग तू ख्रिस्ती कधी झालास?"

इथे माझ्यातला वसईकर जागा झाला. उन्हात, बनियनवर, मी त्या बाईला इतिहास शिकवायला बसलो. म्हटलं आजी, वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली १५३४ च्या डिसेंबरात. तुमचं असुन्सिऑन वसलं १५३७ च्या ऑगस्टात. तुमच्या राजधानीची पहिली कुडाची भिंत उभी राहायच्या आधीपासून पाद्री आमच्याकडे फिरतायत. मला वाटलं आता ही गार पडेल. आजीने नळी ओढली, विचार केला आणि म्हणाली, "एवढं जुनं आहे तर तू इतका बारीक कसा?"

मी सोडलं नाही. सोडायला पाहिजे होतं म्हणा, पण कोणीतरी आपल्या वाडवडिलांची चारशे-पाचशे वर्षं अशी झटकून टाकली की डोकं फिरतंच. म्हटलं, आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मेले, १८६२ मध्ये संत झाले. तुमचे पहिले संत रोके गोन्सालेस, ते कधी संत झाले? १९८८! पोप जॉन पॉल स्वतः असुन्सिऑनला आले तेव्हा! सव्वाशे वर्षांचा फरक आहे आजी!

"रोके गोन्सालेसचं हृदय आहे आमच्याकडे," आजी शांतपणे म्हणाली. "असुन्सिऑनला. मी बघितलंय. देह जाळला तरी ते जळालं नाही, काही नाही. तुमच्याकडे काय आहे?"

आता खरं सांगतो, मला ऐनवेळी काही सुचलंच नाही. मी बोलून गेलो की आमच्या गोन्सालोंचा क्रुसावर चढवण्याआधी डावा कान कापला होता.

"कान आहे तुमच्याकडे?"

"नाही."

"मग," असं म्हणून तिने पेला माझ्यापुढे केला. विषय संपला, हृदय जिंकलं.

इतकं होऊन शेवटी मला नेलंच, कारण बर्फ थांबत नाही. मी सोवळ्यात, म्हणजे पांढरा झगा, गळ्यात स्टोल (पाद्रीचा लांब पट्टा), हातात पवित्र पाण्याची बाटली, लाल मातीतून आजीच्या मागे. आशीर्वादाचं अधिकृत पुस्तक असतं, त्यात घर, दुकान, गाडी, गुरंढोरं सगळ्यांच्या प्रार्थना आहेत, फ्रीझरची नाही. मी आपला डोकं लढवून तांत्रिक उपकरणांची प्रार्थना काढली, वीज बिज जिथे येते ती, नीट वाचली, एक क्रियापद सोडून स्पॅनिश पण शुद्ध. पाणी शिंपडलं. आजी म्हणाली आत पण. झाकण उघडलं, आत शिंपडलं. म्हणाली खाली पिशव्यांवर पण. तिथेही शिंपडलं, ते डोळ्यांदेखत गोठलं. मग तिने प्लगकडे बोट दाखवलं. प्लगवर पाणी मारायला मी नकार दिला. मला वाटतं तिथेच माझं गणित फिसकटलं, कारण संध्याकाळी सातला अख्ख्या गल्लीची लाईट गेली आणि आली ती दुसऱ्या दिवशी दुपारनंतर.

आता या लाईटचं ऐका. याच देशाच्या सीमेवर, पाराना नदीवर, इताइपू धरण आहे. ब्राझील आणि पाराग्वायचं भागीदारीत, १४,००० मेगावॉट, जगातल्या सगळ्यात मोठ्या वीजघरांपैकी एक. पाराग्वायच्या वाट्याला एवढी वीज येते की कित्येक वर्षं उरलेली ब्राझीललाच देऊन टाकतात. नदीत वीज मुबलक, पण गावातल्या तारा जुन्या, सगळ्यांनी एकदम एसी लावले की गल्लीच्या कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर बसतो. मी भारनियमनात मेणबत्तीवर दहावी केलेला पोरगा आहे, वीज नाही म्हणून लाईट जाणं मला कळतं. वीज आहे आणि लाईट नाही, हे पचायला जड जातं. आणि त्याचा दोष ट्रान्सफॉर्मरवर नाही, खात्यावर नाही, पाण्याची बाटली घेतलेल्या वसईच्या पोरावर.

तर दुसऱ्या दिवशी आजी ती पिशवी घेऊन दारात. तेवढ्यात थोरले फादर बसमधून उतरले. ते पोलंडचे, सहा फुटांवर, निळे डोळे, पांढरी दाढी, कॅलेंडरवरच्या देवबापासारखे दिसतात. आजी माझ्या अंगावरून त्यांच्याकडे धावली. मला वाटलं हे आता सांगतील की आजी, आशीर्वाद एकदा झाला की झाला. सेमिनरीत वर्षानुवर्षं आमच्या डोक्यात हेच तर भरतात, की कृपा देवाची, पाद्रीच्या लायकीवर ती अवलंबून नाही, संत ऑगस्टिनने यावरून दोनातिस्त नावाच्या फुटीर पंथाशी केवढं भांडण मांडलं होतं. आता तो वाद बाप्तिस्म्यासारख्या संस्कारांचा होता, फ्रीझरचा नाही, हे मान्य. पण ऑगस्टिन सुद्धा माझ्या बाजूने बोलला असता असं वाटतं. थोरले फादर मात्र हसले, बॅग माझ्या हातात दिली, माझ्याच गळ्यातला स्टोल घेतला आणि निघाले.

मी बॅग घेऊन मागे. कोपऱ्यावरच्या खांबावर लाईनमन चढलेला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्याची शिडी पाहिली, खाली त्याचा जोडीदार पक्कड घेऊन उभा होता तोही पाहिला. थोरल्या फादरांनी पुस्तक उघडलं नाही, प्रार्थना तीन वाक्यांची, उपकरणांची वगैरे काही नाही. हात वर केला, पाणी शिंपडलं (प्लगवर पण!), आणि फ्रीझर घुर्रर्र करून सुरू झाला. शेजारच्या घरातला टीव्ही, त्याच्या पलीकडची कुंबियाची गाणी, सगळं एकदम. गल्लीने टाळ्या वाजवल्या. मी ओरडून सांगत होतो की तो बघा, तो खांबावर, पण माझी ग्वारानी तेवढी नाही आणि स्पॅनिश टाळ्यांत बुडाली. लाईनमनला कोणी तेरेरे पण दिलं नाही. मी दिलं.

रात्री जेवताना म्हटलं फादरांना, की हे बरं नाही. ते म्हणाले, अरे, मी तरुण असताना इथे आलो तेव्हा लोक मला पण म्हणायचे की खरा पाई कुठाय. म्हटलं, मग? म्हणाले, मग केस पिकले. आता माझे केस पिकतील, पण डोळे काही निळे होणार नाहीत ना? हे मी बोललो नाही. मांदियोका चावत बसलो. इथे भात नाही, चपाती नाही, दोन्ही वेळा हे उकडलेलं कंद. वसईत कधी गोरा पाहुणा फादर आला की आम्हीच बँड लावून स्टेशनपर्यंत जायचो, गावठी फादर शेजारी उभा असला तरी हात त्या गोऱ्याकडून डोक्यावर ठेवून घ्यायचो. माझी आई सुद्धा. त्यामुळे आजीला एकटीला काय बोलणार, पण बोलावंसं वाटतं.

त्यानंतर गावात आपोआप कामाची वाटणी झाली आहे. कोंबड्या, कुत्री, परीक्षेची पेनं आणि सायकली माझ्याकडे. जे जे वायरने भिंतीला जोडतात ते थोरल्या फादरांकडे. परवा ऑफिसची डायरी उघडली तर शनिवारी नवीन ट्रॅक्टरचा आशीर्वाद, पुढे कंसात सेक्रेटरीच्या गोल अक्षरात 'मोठे पाई, शक्यतो'. तिला विचारलं हे काय, ट्रॅक्टरला कुठे वायर असते? ती नळी ओढत म्हणाली, "बॅटरी असते ना पाई." आणि पेला माझ्याकडे सरकवला. तिलाही सर्दी आहे.