गाडीचा बूट

गाडीला बूट असतो हे मला वयाच्या ४३व्या वर्षी कळलं.

गेलो होतो अलाइनमेंट करायला. स्टिअरिंग जरा सैल धरलं की आमची गाडी आपोआप डावीकडे जायला लागली होती, म्हणून नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या एका गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने गाडी वर चढवली, खालून टॉर्च मारला आणि दाताचे डॉक्टर करतात तसं "च्" केलं. "भो, बूट फाटलाय तुमचा." मी खाली बघितलं. माझ्या पायात चप्पल होती.

मग त्याने दाखवलं. चाकाच्या आतल्या बाजूला हार्मोनियमच्या भात्यासारखं घड्याघड्यांचं काळं रबर, त्याला हे एवढं भोक आणि आजूबाजूला सगळीकडे काळंकुट्ट ग्रीस उडालेलं, जणू कोणी रंगपंचमी खेळून गेलंय. म्हणजे प्रकार असा की पुढचं चाक वळतं पण, खड्ड्यात खालीवर होतं पण, आणि तरी गिअरबॉक्सकडून येणारा एक्सल त्याला फिरवतच राहतो, कारण टोकाला एक जॉइंट असतो. त्यात बहुतेक गाड्यांना सहा पोलादी गोळ्या असतात, त्या ग्रीसमध्ये लोळत असतात. बूट फाटला की ग्रीस बाहेर आणि धूळ-चिखल आत. मग आतल्या आत पॉलिश पेपर मारणं सुरू, आणि एक दिवस फुल वळण घेतलं की "कट कट कट". तो आवाज आला म्हणजे बुटावर भागत नाही, जॉइंटच बदलायचा. माझा अजून आवाज आला नव्हता. "नशीबवान आहात," तो म्हणाला, आणि मला उगाच पेढे वाटावेसे वाटले.

घरी फोन केला की उशीर होईल, बूट फाटलाय. बायको म्हणाली, मागच्या दिवाळीपासून सांगतेय नवीन घे म्हणून.

गॅरेजवाला म्हणाला, बूट तुम्हीच आणा, मी बसवतो. इथे माझा घात झाला. द्वारका चौकाच्या बाजूला एका पार्ट्सवाल्याकडे गेलो तर त्याने काउंटरवर तीन बूट मांडले, साड्यांच्या दुकानात मांडतात तसे, आणि कोणता देऊ विचारलं. मी तिन्ही दाबून बघितले. दाबून बघायचं हे मला पेरूवरून माहीत. एक एकदम मऊ, मस्त ताणला जाणारा, एक मध्यम, आणि एक असला टणक की प्लास्टिकची बरणी दाबतोय असं वाटावं. म्हटलं हा टणक नक्की डुप्लिकेट. आणि भाव? टणकच सगळ्यात महाग! मी तिघांचे फोटो काढले आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून निघालो, पार्ट्सवाल्याने माझ्याकडे कसं बघितलं ते सोडा.

घरी म्हणजे खालच्या मजल्यावर. आमच्या बिल्डिंगमधले काका अंबड एमआयडीसीत एका रबर मोल्डिंगच्या कंपनीतून रिटायर झालेत आणि तेव्हापासून त्यांना कोणी रबराबद्दल काही विचारलेलं नाही. मी विचारलं. काकूंनी मला हाताने "नको नको" केलं होतं पण तोवर उशीर झाला होता.

काका म्हणाले, साधं नैसर्गिक रबर बुटाला चालतच नाही. तेल-ग्रीस लागलं की भजं फुगावं तसं फुगतं, आणि हवेतला ओझोन बरोब्बर घडीवर, जिथे ताण असतो तिथेच चिरा पाडतो, टाचेला भेगा पडतात तशा. म्हणून निओप्रीन, १९३० साली ड्यूपॉन्टच्या लॅबमध्ये सापडलेलं, तेल आणि ओझोन दोन्ही बऱ्यापैकी सोसतं. तो तुझा मध्यम. मऊवाला सिलिकॉन असणार, उष्णतेला एक नंबर, पण एकदा खडा लागून चीर पडली की सरसर फाटत जातो. आणि ज्याला तू डुप्लिकेट म्हणालास ना गाढवा, तो टीपीई. थर्मोप्लास्टिक. वितळवून प्लास्टिकसारखा साच्यात घालतात, वागतो रबरासारखा, खडा लागला तरी सहज फाटत नाही.

मग त्यांनी वहीत गणित मांडलं. ताशी ६० ने गेलास तर चाक सेकंदाला नऊएक वेळा फिरतं, आणि प्रत्येक फेरीला बुटाची प्रत्येक घडी एकदा मिटते, एकदा उघडते. म्हणजे वणीच्या गडावर जाऊन येईपर्यंत साठ-सत्तर हजार वेळा. मला तर गडाच्या पायऱ्या चढताना दोन गुडघे मिटायला-उघडायला जीव जातो. तेव्हा त्या बुटाबद्दल मला पहिल्यांदा खरा आदर वाटला.

निकाल लागला: चाकाकडचा बूट टीपीईचा, कारण वळण, चिखल, खडी सगळं त्यालाच, एक्सलच्या दुसऱ्या टोकाचा, गिअरबॉक्सकडचा बूट शाबूत आहे, त्याला हात लावायचा नाही, पुढेमागे गेलाच तर निओप्रीन. काका अजून काहीतरी सांगत होते पण चहा झाला होता, मी सटकलो. दुसऱ्या दिवशी पार्ट्सवाल्याला "टीपीई द्या" असं म्हणालो ते इतक्या रुबाबात की त्याने मला दादावरून साहेब केलं. गॅरेजवाल्याने बसवला. बसवताना "लई कडक आहे भो हा" असं दोनदा म्हणाला, मी नुसता हसलो, अडाण्याशी काय वाद घालायचा.

नवरात्रात गडावर जाऊन आलो. पार्किंगमध्ये सहज वाकून बघितलं तर चाकाच्या आतल्या बाजूला परत तीच रंगपंचमी.

काकांना खाली बोलावलं. त्यांनी जाड चष्मा लावून, मोबाईलचा टॉर्च मारून बूट घडी-घडी चाचपला. एक चीर नाही, नवा कोरा. मी मटेरियलचं कौतुक करणार एवढ्यात त्यांनी बुटाच्या टोकाचा पट्टा बोटाने गोल फिरवला. फिरला. अंगठीसारखा. गॅरेजवाल्याने जुनाच, मऊ रबराच्या बुटाचा क्लॅम्प परत आवळला होता.

"टणक बुटाला स्टीलचा नवीन क्लॅम्प लागतो, पक्कडीने दाबून बसवायचा," काका म्हणाले. "त्या दिवशी तेच सांगत होतो. कुठे पळालास?"