संग्रहाला कमी लेखू नका

गाजलेल्या गाण्यांचे संग्रह म्हणजे कंपन्यांनी जुनाच माल पुन्हा विकणं, हे एका लेखात वाचलेलं मत मला अजिबात पटलं नाही. आमच्या सोलापुरात यंत्रमागाच्या खडखडाटात ज्यांची पाळी सरायची, त्यांना प्रत्येक चित्रपटाची वेगळी कॅसेट कुठे परवडत होती? निवडक गाण्यांची एक कॅसेट आणली की सगळं घर ऐकायचं. शहराच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या वस्तीत, तर मराठी, हिंदी, तेलुगू कॅसेट एकाच फळीवर असायच्या.

रेकॉर्डिंगच्या दुकानात वहीच्या पानावर यादी लिहून द्यायची आणि कॅसेट भरून घ्यायची. ९० मिनिटांच्या कॅसेटची फीत पातळ, टेपमध्ये लवकर गुंतायची, म्हणून जाणकार ६० चीच घ्यायचे. एका बाजूला ३० मिनिटं, म्हणजे जेमतेम सात-आठ गाणी. मग कोणतं ठेवायचं, कोणतं गाळायचं यावर घरात वाद व्हायचे. ती निवड म्हणजे जुना माल नव्हे, ती रसिकता होती.

माझी तक्रार वेगळीच आहे. कंपन्यांच्या संग्रहांच्या कव्हरवर गायकाचा मोठा फोटो, पण गीतकार-संगीतकाराचं नाव बहुतेकदा गायब. 'साधी माणसं' (१९६५) मधलं 'ऐरणीच्या देवा तुला' सगळ्यांना पाठ आहे. पण ते जगदीश खेबुडकरांनी लिहिलं आणि 'आनंदघन' या नावाने संगीत दिलं ते खुद्द लतादीदींनी, हे नव्या पोरांना कळणार कुठून? नवा संग्रह काढणाऱ्यांनी प्रत्येक गाण्याखाली गीतकार, संगीतकार आणि वर्ष छापावंच.